गाणं आत, गाणारे वेशीबाहेर

२० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचे, म्हणजे सीएमएचे, वार्षिक पुरस्कार जाहीर झाले. त्या आठवड्यात बिलबोर्ड हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या एकत्रित यादीत, पहिल्या क्रमांकावर एक कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत रुजलेल्या संगीतप्रकारातलं, गाणंच होतं. शबूझी या व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीय गायकाचं 'अ बार साँग (टिप्सी)' जुलैपासून तिथं ठाण मांडून होतं. मधले एखाद-दोन आठवडे सोडले तर त्याला कुणी हलवू शकलं नव्हतं. लगेच पुढच्या यादीत त्याचे १९ आठवडे भरले आणि लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय गायकाच्या 'ओल्ड टाउन रोड'नं २०१९ मध्ये केलेल्या विक्रमाशी बरोबरी झाली. त्या रात्री शबूझीला दोन नामांकनं होती, नवोदित कलावंताचं आणि वर्षातल्या सर्वोत्तम सिंगलचं, म्हणजे सुटं काढलेल्या गाण्याचं. दोन्ही पुरस्कार दुसऱ्यांना गेले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बियॉन्सेचं 'टेक्सस होल्ड एम' बिलबोर्डच्या हॉट कंट्री साँग्ज यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय स्त्रीचं गाणं या यादीत पहिल्यांदाच शिखरावर पोचत होतं. मार्चअखेर तिचा २७ ट्रॅकचा 'काउबॉय कार्टर' आला आणि कंट्री अल्बमच्या यादीतही पहिला ठरला. सीएमएच्या नामांकनांत मात्र तिचं नाव एकाही विभागात नव्हतं. अडीच महिन्यांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला, याच अल्बमला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि पाठोपाठ वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही.

एकच वर्ष आणि तीच गाणी, पण निकाल दोन टोकांचे. हा आवडीनिवडीचा फरक आहे, असं म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझा वाद आहे. बियॉन्सेवर अन्याय झाला म्हणून मी हे लिहीत नाही. जिच्या नावावर ३५ ग्रॅमी आहेत तिला सीएमएच्या ट्रॉफीवाचून काही अडत नाही. पण पुरस्कार म्हणजे त्या धंद्यानं स्वतःबद्दल लिहून ठेवलेला इतिहास असतो. पुढच्या पिढीतला कुणी 'कंट्री म्हणजे काय आणि ते कुणाचं' हे शोधायला निघाला, की त्याच्या हाती पहिल्यांदा विजेत्यांची यादी लागते. आणि या धंद्याचा शंभर वर्षांचा शिरस्ता असा आहे की कृष्णवर्णीयांचं गाणं, वाद्य, चाल, वाजवण्याची ढब हे सगळं आत घ्यायचं आणि माणसाला वेशीबाहेर ठेवायचं. २०२४ साली तेच पुन्हा, डोळ्यांदेखत घडलं.

बँजोपासून सुरुवात करायला हवी, कारण बहुतेकांच्या कानात कंट्री म्हटलं की तोच वाजतो. टेकडीवरच्या लाकडी घराच्या ओसरीत गोरा शेतकरी बँजो वाजवत बसलाय, हे चित्र इतकं रुळलं आहे की त्यापलीकडे कुणाची नजर जात नाही. हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत घडवलं. आधी वाळका भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, आत घुसवलेला दांडा आणि दांड्याच्या बाजूला एक आखूड तार. या आखूड तारेवर अंगठा सारखा पडत राहतो आणि चालीखाली एक अखंड ठेका धरून ठेवतो. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांच्या अकोंटिंगमध्ये ही अंगठ्याची तार आजही आहे. पुढं भोपळ्याच्या जागी लाकडी कडं आलं, धातूचे पेच आले, कारखान्यांतून बँजो निघू लागले. अंगठ्याची तार मात्र तशीच राहिली. बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्ड एम'मध्ये सुरुवातीला जो बँजो ऐकू येतो तो रीअनन गिडन्स या कृष्णवर्णीय वादिकेचा आहे. या वाद्याचा इतिहास लोकांपुढं मांडण्यासाठी तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं खर्च केली आहेत. तो बँजो तिथं शोभेसाठी ठेवलेला नाही.

मग हे संगीत गोऱ्यांचं कसं झालं? याचं उत्तर बऱ्याच अंशी कॅटलॉगांत सापडतं. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतलं संगीत दोन याद्यांत विकायला काढलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. गाणारे एकमेकांचं ऐकत होते, एकाच फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, नाचत होते. कंपन्यांनी कातडीचा रंग बघून वाटणी केली. राल्फ पीअर या ध्वनिमुद्रण निर्मात्याचा या दोन्ही याद्यांत हात होता. त्यानंच १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाचं ध्वनिमुद्रण केलं आणि कंट्रीचा 'जन्म' म्हणून त्याची नोंद झाली. पुढच्या वर्षांत या कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगराळ भागातून गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असे. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणी. कंट्रीतला दिग्गज गायक हँक विल्यम्स याला लहानपणी गिटार शिकवणारा रूफस पेन हाही रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय. दोघांची नावं तळटीपांत आहेत. रेकॉर्डच्या वेष्टनांवर ती नव्हती.

नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमानं हे शहर कंट्रीची राजधानी बनवलं त्या 'ग्रँड ओल ऑप्री'ची गोष्ट तर मनाला फार लागते. १९२७ च्या डिसेंबरात डेफोर्ड बेली माउथऑर्गनवर आगगाडीची धडधड वाजवत होता आणि त्याच प्रसंगी निवेदकाच्या तोंडून कार्यक्रमाचं हे नाव पहिल्यांदा बाहेर पडलं. बेली कृष्णवर्णीय होता. पोलिओतून वाचलेला, ठेंगणा, आणि श्रोत्यांचा अतिशय लाडका. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढून टाकलं. उरलेलं आयुष्य त्यानं त्याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवून काढलं. १९८२ मध्ये तो गेला. कंट्रीतल्या थोरांचा मान करणाऱ्या 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम' या दालनाला त्याची आठवण २००५ मध्ये झाली.

या पार्श्वभूमीवर चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाचं नाव हमखास पुढं केलं जातं. "रंग आडवा येत असता तर प्राइड कसा झाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. प्राइड १९७१ साली सीएमएचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' झाला. हा सीएमएचा सगळ्यांत मोठा मान. पण तो कसा पोचला ते जवळून पाहा. सुरुवातीची त्याची रेकॉर्ड कंपनीनं त्याचा फोटो न लावता रेडिओ स्टेशनांकडे पाठवली. डेट्रॉइटच्या मोठ्या स्टेडियममधला प्रसंग तो स्वतः सांगत असे. निवेदकानं नाव पुकारलं, रेडिओवर गाणं ऐकलेल्या हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, प्राइड मंचावर आला आणि त्या टाळ्या एकदम विरत गेल्या. मग त्यानं गिटार सावरत आपल्या कातडीला 'परमनंट टॅन' म्हटलं, लोक हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या आणि तो गायला. विचार करा, केवढं धैर्य लागलं असेल त्याला. आणि हेही ध्यानात घ्या की गाण्याला सुरुवात करण्याआधी त्याला आपल्या असण्याबद्दल समोरच्यांची भीड मोडावी लागली. गोऱ्या गायकाला हे कधीच करावं लागलं नाही. प्राइडनंतर २०२५ पर्यंत 'एंटरटेनर ऑफ द इयर' एकाही कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेला नाही. अपवाद आहे तो १९७१ चा.

प्राइडच्याच काळातली लिंडा मार्टेल. १९६९ मध्ये ती ऑप्रीच्या मंचावर एकटीनं गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या कंपनीचं नाव होतं 'प्लँटेशन रेकॉर्ड्स'. गुलामांना ज्या मळ्यांवर राबवलं, त्यांचंच नाव. एक अल्बम आला, एक गाणं चांगलं चाललं, आणि मग दारं मिटत गेली. ती साउथ कॅरोलायनाला परतली. पुढं शाळेची बस चालवण्याचं कामही तिनं केलं. बियॉन्सेनं 'काउबॉय कार्टर'मध्ये तिचा आवाज घेतला तेव्हा ती ऐंशी ओलांडलेली होती. ८३ व्या वर्षी तिला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी नामांकन मिळालं, आणि तेही रॅपच्या विभागात.

आता २०२४ च्या बचावाकडे येऊ. दोन मुद्दे मांडले गेले आणि दोन्ही तपासण्याजोगे आहेत.

पहिला असा, की बियॉन्सेनं स्वतःच जाहीर केलं होतं की हा कंट्री अल्बम नाही, 'बियॉन्से अल्बम' आहे. मग कंट्रीवाल्यांनी का विचार करावा? पण त्याच निवेदनात तिनं असंही लिहिलं होतं की काही वर्षांपूर्वी आपलं जिथं स्वागत झालं नाही, त्या अनुभवातून हा अल्बम जन्माला आला. तिनं प्रसंगाचं नाव घेतलं नाही, तरी बहुतेकांनी तो २०१६ च्या सीएमए सोहळ्याशी जोडला. त्या मंचावर ती 'डिक्सी चिक्स' या कंट्री गटाबरोबर गायली होती आणि नंतर समाजमाध्यमांवर तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दारातून परत पाठवलेल्या माणसानं 'मला तुमच्या घरी यायचंच नव्हतं' असं म्हटलं, तर तेवढाच शब्द धरून बसणं प्रामाणिकपणाचं नाही. आणि कंट्री ठरवायचं ते कानांनी. फिडल, बँजो, स्टील गिटार, दोन-चार सोप्या स्वरसंगती, घर-गाव-दारू-विश्वासघात हे विषय. यांतलं त्या अल्बमात काय नाही?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. सीएमए ही १९५८ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिकांची संघटना आहे. मतं द्यायची ती कंट्रीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी: गायक, गीतकार, वादक, रेडिओवाले, प्रकाशक, कार्यक्रम भरवणारे. हे लोक एकमेकांना ओळखतात. नवा गायक आला की तो देशभर रेडिओ स्टेशनांचे उंबरठे झिजवतो, जूनमधल्या महोत्सवात गातो, दुसऱ्यांबरोबर बसून गाणी लिहितो. त्या वर्षी सोहळ्याचं सूत्रसंचालन करणाऱ्या ल्यूक ब्रायननं आधीच एका मुलाखतीत म्हटलं होतं की कंट्रीत यायचं तर आमच्यात येऊन मिसळायला हवं, कुटुंबाचा भाग व्हायला हवं. मला हे म्हणणं तुच्छ वाटत नाही. कुठल्याही कलेची एक बिरादरी असते, तिचे राबते असतात, आणि राबता राखणाऱ्याला मान मिळणं स्वाभाविक आहे.

पण मग हीच फूटपट्टी सगळ्यांना लावून बघू. पोस्ट मलोन हा हिपहॉपमधून नाव कमावलेला गोरा गायक. २०२४ मध्ये त्यानं नॅशव्हिलच्या गायकांना घेऊन पहिला कंट्री अल्बम काढला. बिरादरीत तो त्याच वर्षी आला आणि सीएमएची चार नामांकनं घेऊन बसला. शबूझीनं तर कंट्री रेडिओवर रीतसर मेहनत केली होती, त्याचं गाणं रेडिओच्या यादीतही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. म्हणजे मिसळणं झालं, लोकप्रियता झाली, रेडिओ झाला, विक्रमही झाला. मग कमी काय पडलं? स्पर्धा कडक होती हे मी मान्य करतो. सर्वोत्तम सिंगलचा पुरस्कार ख्रिस स्टेपल्टनच्या 'व्हाइट हॉर्स'ला गेला आणि स्टेपल्टनच्या गळ्यापुढं कुणीही नम्र व्हावं. पण वर्षाचं सिंगल म्हणजे त्या वर्षानं गायलेलं गाणं, आणि २०२४ चं अमेरिकेनं गायलेलं गाणं कोणतं याबद्दल वादाला जागा नव्हती. त्याच मंचावर शबूझीच्या नावावरून रात्रभर कोट्या चालल्या होत्या. एक निर्माता तर दुसऱ्याच गायकाचा पुरस्कार स्वीकारताना त्या नावाची कोटी करून गेला. पाहुण्याच्या नावाची अशी टिंगल कुटुंबात होत नाही.

मिसळण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मला आणखी एक विचारायचं आहे. हे राबते घडतात कुठं? गीतकारांच्या खोल्यांत, रेडिओच्या कार्यालयांत, मैफलींनंतरच्या बैठकांत. तिथं कृष्णवर्णीयांना आणि बायकांना किती वर्षं जागा होती? ओटावा विद्यापीठातल्या जेडा वॉटसन यांनी केलेल्या मोजणीनुसार २००० साली कंट्री रेडिओच्या वार्षिक यादीतल्या गाण्यांत बायकांचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता. २०१८ मध्ये तो अकरा टक्क्यांच्या आसपास आला. गोऱ्या बायकांची ही गत. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागारानं तर छापील मुलाखतीत सांगून टाकलं की श्रोते टिकवायचे असतील तर बायकांची गाणी कमी करा, पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो. तिथं कृष्णवर्णीय बाईनं उंबरठे किती आणि कशासाठी झिजवायचे? 'टेक्सस होल्ड एम' लोकांनी इतकं ऐकलं, विकत घेतलं, की ते हॉट १०० मध्येही पहिलं आलं. पण फक्त कंट्री रेडिओवर मोजल्या जाणाऱ्या यादीत ते पहिल्या तिसांतही शिरलं नाही. श्रोते आणि कार्यक्रम ठरवणारे यांच्यात एवढी दरी असेल, तर पुरस्कारांत श्रोत्यांचा आवाज उमटणार कसा?

आणि क्षमेबद्दलही बोललं पाहिजे. २०२४ चा 'एंटरटेनर ऑफ द इयर' झाला मॉर्गन वॉलन. गर्दी आणि विक्रीच्या हिशेबानं त्याचा हक्क होता, मी तो नाकारत नाही. त्याचं 'लास्ट नाइट' २०२३ मध्ये सोळा आठवडे पहिलं होतं. पण २०२१ च्या फेब्रुवारीत तोच वॉलन कृष्णवर्णीयांबद्दलची शिवी देताना चित्रफितीत दिसला होता. रेडिओनं काही काळ त्याची गाणी थांबवली, त्याचा अल्बम मात्र त्या वर्षी विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून अमेरिकेत सगळ्यांत पुढं राहिला. त्यानं माफी मागितली. माणसाला सुधारायची संधी मिळावी, हे मला मनापासून पटतं. पावणेचार वर्षांत बिरादरीनं त्याच्यासाठी मन एवढं मोठं केलं. तेवढं मन काहीच गुन्हा न केलेल्यांसाठी का होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

२०२३ चं उदाहरण याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतं. ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' १९८८ चं. गरिबीतून गाडी पकडून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईचं ते गाणं, कंट्रीच्या कुठल्याही व्याख्येत बसणारं. पस्तीस वर्षं कंट्री रेडिओनं त्याकडे पाहिलं नाही. ल्यूक कोम्स या गोऱ्या गायकानं ते शब्दही न बदलता, प्रेमानं आणि आदरानं गायलं आणि ते कंट्री रेडिओवर पहिलं आलं. चॅपमनला सीएमएचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या इतिहासातली ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. कोम्सचा यात काही दोष नाही, उलट त्यानं श्रेय जिथल्या तिथं ठेवलं. दोष त्या यंत्रणेचा, जिला तेच शब्द, तीच चाल दुसऱ्या कातडीतून आल्यावर कळली. 'ओल्ड टाउन रोड'चंही तसंच. बिलबोर्डनं ते कंट्रीच्या यादीतून काढलं, कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत म्हणून. पुढं बिली रे सायरस हा गोरा कंट्री गायक सोबत गायला, गाण्यानं विक्रम केला आणि सीएमएनं त्याला 'म्युझिकल इव्हेंट' या विभागातला पुरस्कार दिला. पहिल्या पंगतीत पान न मांडता दुसऱ्या पंगतीत आग्रह करकरून वाढावं, तसा तो मान होता.

ग्रॅमीचंही सगळं कौतुकास्पद नाही. 'काउबॉय कार्टर' जिंकल्यावर चारच महिन्यांनी ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीनं कंट्री अल्बमचा विभाग दुभंगला: एक समकालीन, एक पारंपरिक. अशी सूचना आधीपासून चर्चेत होती असं सांगण्यात आलं, आणि इतर प्रकारांत असे विभाग आहेतही. माझी हरकत विभागणीला नाही. पारंपरिक कंट्रीच्या गायकांना त्यातून न्याय मिळू शकतो. भीती ही आहे की 'परंपरा' म्हणजे हिलबिली कॅटलॉगमधली परंपरा असं मनात धरून मतं पडतील आणि कृष्णवर्णीय कलावंत आपोआप 'समकालीन' खात्यात ढकलले जातील. १९२० च्या दशकात कंपन्यांनी केलेली वाटणी शंभर वर्षांनी नव्या नावानं पुन्हा होईल. बँजोची अंगठ्याची तार वाजवणारा कृष्णवर्णीय वादक पारंपरिक नसेल, तर मग कोण आहे?

काय करता येईल? सीएमएनं मतदारांची रचना दरवर्षी जाहीर करावी: किती रेडिओवाले, किती गीतकार, किती कृष्णवर्णीय, किती बायका. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्तच राहावं. पण मतं देणारे कोण, हे लपवण्यासारखं नाही. सिंगलच्या पुरस्काराच्या पहिल्या फेरीत रेडिओबरोबर स्ट्रीमिंग आणि विक्रीलाही ठरावीक वजन मिळावं, म्हणजे लोकांनी वर्षभर गायलेलं गाणं निदान अंतिम पाचांत पोचेलच. अंतिम निवड खुशाल बिरादरीनं करावी. हे क्रांतिकारक उपाय नाहीत. संघटनेच्या एका बैठकीत मंजूर होतील इतके साधे आहेत.

आणि हॉल ऑफ फेमची निवड सीएमएच करते, म्हणून शेवटची मागणी तिच्याकडेच. २०२५ पर्यंत त्या दालनात कृष्णवर्णीय कलावंत तिघेच आहेत: चार्ली प्राइड, डेफोर्ड बेली आणि २०२२ मध्ये घेतलेला रे चार्ल्स. बेलीची पाटी तो गेल्यावर तेवीस वर्षांनी लागली, चार्ल्सची अठरा वर्षांनी. दोघांनाही ती पाहता आली नाही. १९४१ साली जन्मलेल्या लिंडा मार्टेलचं नाव येत्या निवडीत यावं, तिच्या हयातीत आणि कंट्रीच्या विभागात.